डाळिंबाखालचा मदरसा आणि इंग्रजी : देवबंदच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

"मौलवींनी इंग्रजी हराम ठरवली, म्हणून मुसलमान मागे पडले." हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. मी इतिहास शिकवतो. एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षणाचा धडा आला की वर्गातून हे वाक्य दरवर्षी येतं, आणि ते बोलणाऱ्यांत मुसलमान मुलंही असतात. आपल्याच पणजोबांच्या पिढीबद्दल ती मुलं खाली मान घालून बोलतात, ते मला फार लागतं. म्हणून हे प्रकरण नीट मांडून पाहायचं ठरवलं.

त्यासाठी एकच प्रसंग घेतो. १८६६ साली उत्तर हिंदुस्थानातल्या देवबंद नावाच्या कसब्यात एक मदरसा सुरू झाला. पुढे तो आशियातल्या सर्वांत नावाजलेल्या इस्लामी विद्यापीठांपैकी एक झाला. त्याच्या अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हती. ती का नव्हती? धर्माची आज्ञा होती म्हणून, की दुसरं काही कारण होतं?

रुमालाची झोळी

देवबंद हे सहारनपूर जिल्ह्यातलं, तेव्हाच्या वायव्य प्रांतातलं (आजच्या उत्तर प्रदेशातलं) गाव. सत्तावनच्या बंडाला नऊ वर्षं झाली होती. त्या बंडात दिल्ली उद्ध्वस्त झाली, मुसलमान सरदार घराणी धुळीला मिळाली आणि मदरशांना पोसणारे जुने आश्रयदाते संपले. आसपासच्या शामली, थाना भवन भागातही लढाई झाली होती. देवबंदच्या संस्थापकांचे सूफी गुरू हाजी इमदादुल्लाह मक्केला निघून गेले. त्यांचे शिष्य रशीद अहमद गंगोही सहा महिने तुरुंगात होते.

मदरशासाठी पहिली वर्गणी हाजी आबिद हुसैन यांनी गोळा केली. त्यांनी रुमालाची झोळी केली, तीत आधी स्वतःचे तीन रुपये टाकले आणि दारोदार निघाले. संध्याकाळपर्यंत सुमारे तीनशे रुपये जमले, असं देवबंदच्या परंपरेत सांगतात. शिकवायला मुल्ला महमूद आले, पगार पंधरा रुपये. ३० मे १८६६ रोजी छत्ता मशिदीच्या आवारात, डाळिंबाच्या झाडाखाली पहिला पाठ झाला. पहिला विद्यार्थी होता महमूद हसन, वय पंधराच्या आसपास. शिक्षकही महमूद आणि विद्यार्थीही महमूद. या मुलाकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

या मदरशाची वैचारिक घडण मौलाना मुहम्मद कासिम नानोतवी यांची. पोटासाठी ते छापखान्यात काम करत. दिल्लीत आणि मेरठला अरबी ग्रंथांची मुद्रितं तपासणं हा त्यांचा धंदा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण छापखाना ही तेव्हाची अगदी नवी गोष्ट होती आणि हा माणूस तिच्यातच वावरत होता.

ही माणसं आली कुठून?

इथे पहिला धक्का बसतो. देवबंदची संस्थापक मंडळी इंग्रजांच्या शिक्षणव्यवस्थेला अनोळखी नव्हती, त्यांतली बरीच जण तिच्यातूनच आली होती.

दिल्लीत अजमेरी दरवाज्याजवळ गाजीउद्दीनचा जुना मदरसा होता. कंपनी सरकारने १८२५ मध्ये त्याचंच दिल्ली कॉलेज केलं. तिथे अरबी, फारसी, संस्कृत शिकवत आणि थोड्याच वर्षांत इंग्रजीचा वर्गही निघाला. अरबीचे मुख्य शिक्षक होते मौलाना ममलूक अली. नानोतवी आणि गंगोही हे दोघेही ममलूक अलींचे विद्यार्थी. देवबंदचे पहिले प्रमुख शिक्षक मुहम्मद याकूब हे ममलूक अलींचेच चिरंजीव, आणि तेही सरकारी शिक्षणखात्यात नोकरी करून आलेले. संस्थापकांतले झुल्फिकार अली आणि फझलुर रहमान हे दोघेही शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर. आणि झुल्फिकार अली हे डाळिंबाखालच्या त्या पहिल्या विद्यार्थ्याचे वडील.

म्हणजे सरकारी शाळा तपासणाऱ्या माणसाने आपल्या मुलाला बिनसरकारी मदरशात घातलं. ज्याने सरकारी शाळा पाहिलीच नाही त्याचं भय वेगळं असतं. आयुष्यभर तिची तपासणी केलेल्या माणसाचा निर्णय अनुभवातून आलेला असतो.

मदरशाच्या रचनेतही हा अनुभव दिसतो. जुन्या पद्धतीत एका उस्तादाच्या घरी किंवा मशिदीच्या कोपऱ्यात जाऊन एकेक किताब शिकायची असे. देवबंदमध्ये ठरलेला अभ्यासक्रम आला, पगारी शिक्षक आले, हजेरी आली. वार्षिक परीक्षा, बक्षीस समारंभ, स्वतंत्र ग्रंथालय, छापील वार्षिक अहवाल हे सगळं आलं. हा साचा दिल्ली कॉलेजचा आणि पर्यायाने इंग्रजांचा. त्यांनी साचा घेतला, भाषा मात्र घेतली नाही.

फतवे काय सांगतात

आता धर्माज्ञेकडे येऊ. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, इंग्रजीला हराम म्हटलं असेल तर ते फतव्यांत सापडायला हवं.

सर्वांत वजनदार आवाज दिल्लीच्या शाह अब्दुल अझीझ (१७४६–१८२४) यांचा. इंग्रजांनी १८०३ मध्ये दिल्ली घेतल्यानंतर, या मुलुखात आता इस्लामी सत्ता उरलेली नाही असं फतव्यातून सांगणारे तेच. त्यांना इंग्रजी शिकण्याबद्दल विचारलं गेलं. त्यांचं उत्तर असं होतं की इंग्रजीची अक्षरं, लेखन, शब्द, संज्ञा शिकण्यात काही वावगं नाही, हेतू मात्र वैध असावा. आधार दिला तो प्रेषितांच्या काळातला. झैद बिन साबित यांना प्रेषितांनी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितलं होतं, त्यांची पत्रं वाचता यावीत आणि त्यांना उत्तरं लिहिता यावीत म्हणून. मात्र साहेबाची खुशामत करण्यासाठी, त्याच्या पंगतीत जागा मिळावी एवढ्याचसाठी कुणी शिकत असेल, तर ते योग्य नाही.

हेच शाहसाहेब आपले जावई अब्दुल हई यांना कंपनीच्या नोकरीत, मेरठला मुफ्ती म्हणून जाऊ देतात. त्यावर दिल्लीतलेच सूफी शाह गुलाम अली नाराज झाले होते. म्हणजे उलेमांत एकमत नव्हतं, वाद होता, आणि तो भाषेबद्दल नव्हता. सत्तेशी किती सलगी करायची याबद्दल होता.

पुढच्या पिढीत गंगोहींना हाच प्रश्न आला. देवबंदच्या धार्मिक मतात गंगोहींचा शब्द शेवटचा मानत. त्यांचा फतवा एका ओळीत संपतो. इंग्रजी भाषा शिकणं दुरुस्त आहे, कोणतंही पाप हातून घडू नये आणि दीनाचं (धर्माचं) नुकसान होऊ नये, एवढीच अट. लखनौच्या फिरंगी महल या विद्वान घराण्यातले मौलाना अब्दुल हई (हे शाहसाहेबांचे जावई नव्हेत, दुसरे) यांचंही उत्तर याच वळणाचं.

हे वाचताना मला नेहमी वाटतं की फतवा ही चीज आपण फार चुकीची समजून बसलो आहोत. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. कुणीतरी पोस्टकार्डावर विचारतो, मुफ्ती ग्रंथ पाहून कळवतो. आणि हा प्रश्न पुन्हापुन्हा येत होता याचा अर्थ लोकांना इंग्रजी शिकायची होती, निदान शिकण्याचा विचार त्यांच्या घरात चालू होता.

मग भीती कशाची होती?

भीती होती, ती नाकारता येणार नाही. १८३५ मध्ये सरकारने शिक्षणाचा पैसा इंग्रजीकडे वळवायचं ठरवलं, तेव्हा कलकत्त्यातल्या सुमारे आठ हजार मुसलमानांनी अर्ज केला. नावाजलेले मौलवीही त्यात होते. सरकारचा खरा हेतू धर्मांतराचा आहे, असं त्यांचं म्हणणं. दिल्ली कॉलेजात १८५२ साली गणिताचे नामांकित शिक्षक मास्टर रामचंद्र ख्रिस्ती झाले आणि शहरात खळबळ माजली. रामचंद्र हिंदू होते, पण धसका दोन्ही समाजांनी घेतला. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मुंबईत १८४३ मध्ये मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणाने असंच वादळ उठलं होतं आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना केवढा त्रास सोसावा लागला होता.

घराघरांत ही भीती कशी दिसत होती, हे नझीर अहमद यांच्या आठवणीतून कळतं. ते पुढे उर्दूतले मोठे कादंबरीकार झाले. दिल्ली कॉलेजात ते अरबी विभागात शिकले, कारण वडिलांनी सांगून ठेवलं होतं की तू मेलास तरी चालेल, भीक मागितलीस तरी चालेल, पण इंग्रजी शिकायची नाही. नझीर अहमद ती नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि इंडियन पीनल कोडच्या उर्दू भाषांतरात त्यांनी मोठा वाटा उचलला.

या वडिलांच्या बोलण्यामागे फतव्याचा अभ्यास नव्हता. होती ती मुलगा हातचा जाईल ही बापाची धास्ती. मुफ्ती 'चालेल, पण' म्हणत होते आणि गल्लीत फक्त 'पण' तेवढं ऐकू जात होतं. उलेमांची जबाबदारी इथे आहे असं मी मानतो. परवानगी त्यांनी कागदावर दिली, पण तिच्या बाजूने मोठ्याने बोलायला त्या काळात त्यांच्यातले फार थोडे पुढे आले.

जानेवारी १८७४ : नानोतवींनी दिलेलं कारण

मदरशात आधुनिक विद्या का नाहीत, हे नानोतवींनी स्वतः सांगितलेलं आहे. बक्षीस समारंभातलं हे भाषण हिजरी १२९० च्या जिलकाद महिन्यातलं, म्हणजे जानेवारी १८७४ चं. देवबंदच्या इतिहासग्रंथांत ते जपलेलं आहे. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा मला तोच वाटतो.

भाषणाचा सारांश असा. आजकाल आधुनिक विद्यांसाठी सरकारी शाळा जागोजागी निघाल्या आहेत. पूर्वीच्या सुलतानांच्या काळात जुन्या विद्यांनासुद्धा एवढा आश्रय मिळाला नसेल. उलट कुराण, हदीस (प्रेषितांची वचनं), फिक्ह (धर्मकायदा) या परंपरागत विद्या इतक्या खालावल्या आहेत की तशा कधी खालावल्या नव्हत्या. अशा वेळी लोकांच्या पैशाने पुन्हा आधुनिक विद्यांसाठीच मदरसा काढणं म्हणजे ज्याची उणीव नाही तेच करणं. दुसरं असं की एकाच वेळी अनेक विद्या डोक्यात भरल्या तर कोणतीच धड येत नाही. आणि तिसरं वाक्य कुणीच उद्धृत करत नाही. इथला अभ्यास संपवून विद्यार्थी सरकारी शाळांत जाऊन आधुनिक विद्या शिकतील, तर ते त्यांच्या पूर्णत्वात भरच घालेल.

यात हराम-हलालाची भाषा कुठेच नाही. ही कामाची वाटणी आहे. दुसऱ्या दुकानात स्वस्तात मिळतो तो माल आपण का ठेवायचा, असा साधा व्यवहारी विचार. मदरशाचा अभ्यासक्रम आधी दहा वर्षांचा होता, तो पुढे सहा वर्षांवर आणला गेला. हे त्या तिसऱ्या वाक्याशी जुळतं.

नानोतवींबद्दल आणखी एक आठवण त्यांच्या चरित्रात येते. शेवटच्या हज यात्रेत जहाजाच्या युरोपीय कप्तानाशी त्यांचं धर्माबद्दल बोलणं झालं, दुभाष्यामार्फत. मधल्या माणसामुळे बोलण्यातला जीव जातो हे त्यांना जाणवलं, आणि परत गेल्यावर इंग्रजी शिकायची असं त्यांनी ठरवलं. परतल्यावर प्रकृती ढासळली आणि एप्रिल १८८० मध्ये, पन्नाशीच्या आतच, ते गेले.

पैसा कुणाचा?

भाषणाइतकंच महत्त्वाचं आहे ते नानोतवींनी मदरशासाठी लिहून ठेवलेलं आठ कलमांचं टिपण. त्यात बराच भाग पैशाबद्दल आहे. मदरशाला जोवर कायमचं उत्पन्न नाही तोवर तो अल्लाहच्या भरवशावर चालेल. जहागीर, कारखाना, व्यापार किंवा एखाद्या अमिराचं वचन असं काही हाताशी आलं की हा भरवसा जाईल आणि आपसात भांडणं लागतील. सरकारचा आणि धनिकांचा सहभाग अधिक नुकसानीचा वाटतो. ज्यांना नावाची अपेक्षा नाही अशांचा चंदा अधिक बरकतीचा.

याला नुसती धार्मिक विरक्ती समजू नये. दिल्ली कॉलेजच्या बाबतीत काय झालं हे या माणसांनी पाहिलं होतं. १८२९ मध्ये अवधचे वजीर नवाब एतमादुद्दौला यांनी त्या कॉलेजला एक लाख सत्तर हजार रुपये दिले, अरबी-फारसी विद्येसाठी. पैसा सरकारच्या ताब्यात गेला, आणि तो कसा खर्च व्हावा यावर देणाऱ्याच्या बाजूच्या लोकांची तक्रार पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली. १८७७ मध्ये सरकारने कॉलेजच बंद केलं आणि शिक्षकवर्ग लाहोरला हलवला.

पुण्यातलं उदाहरण आपल्याला जवळचं. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. शास्त्री नेमले, वेद, न्याय, व्याकरण सगळं ठेवलं. तीस वर्षांत, १८५१ मध्ये, ती इंग्रजी शाळेशी जोडून पूना कॉलेज झालं आणि त्यातून पुढे डेक्कन कॉलेज. चांगलं झालं की वाईट, हा वेगळा वाद. माझ्या पणजोबांच्या घराण्यातले लोक त्या बदलामुळेच शिकले, त्यामुळे मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण निर्णय शास्त्र्यांनी घेतला नव्हता, तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला होती त्याने घेतला. देवबंदच्या रुमालातल्या पैशाला अशी किल्लीच नव्हती. कसब्यातला शिंपी, शेतकरी, मुन्शी, कारकून यांच्या आण्या-रुपयांवर चालणारी संस्था सरकारला हुकूम देऊन बदलता येत नव्हती.

नदवतुल उलेमाचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. ही संस्था उलेमांनीच १८९० च्या दशकात काढली, लखनौला तिचा मदरसा झाला. इतिहासकार शिबली नोमानी यांनी तिथे इंग्रजी आणली. १९०८ मध्ये प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि सरकारकडून दरमहा पाचशे रुपयांचं अनुदानही आलं. इंग्रजी, अनुदान आणि गव्हर्नर एकाच सुमाराला एकाच दारातून आले. देवबंदकरांना नेमकी याचीच काळजी होती, असं मला वाटतं. शिबलींच्या हेतूबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. त्यांना इस्लामी विद्येचा अभिमान होता आणि जगाशी जगाच्या भाषेत बोलणारे आलिम (धर्मपंडित) त्यांना हवे होते.

नोकरीचा हिशेब

मौलवींमुळे मुसलमान मागे राहिले, असं म्हणणारे बहुधा बंगालचे आकडे डोळ्यांपुढे ठेवतात. ब्रिटिश अधिकारी हंटर यांनी १८७१ मध्ये दिलेल्या तक्त्यात बंगालमधल्या सुमारे २,१०० राजपत्रित जागांपैकी मुसलमान फक्त ९२ होते. आकडे भयानकच आहेत. पण देवबंद बंगालमध्ये नाही. वायव्य प्रांत आणि अवधमध्ये मुसलमानांची लोकसंख्या तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि खालच्या न्याय व महसुली जागांपैकी १८५७ मध्ये जवळपास ६४ टक्के त्यांच्याकडे होत्या. १८८६–८७ मध्येही ४५ टक्के होत्या. कचेरीची भाषा उर्दू होती. मुन्शी, वकील, तहसीलदार व्हायला फारसी-उर्दू पुरत होती.

ज्या घरात उर्दूवर चूल पेटते, त्या घरातला बाप मुलाला घाईने इंग्रजी शाळेत का घालेल? इंग्रजीची निकड भासली तेव्हा या प्रांतातले मुसलमान शिकू लागले. मुंबईत ती निकड आधी भासली, व्यापाऱ्यांना. इथे १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम निघाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि कोकणी मुसलमानांतले नाखुदा मुहम्मद अली रोगे यांनी तिला आकार दिला. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं होतं. मुंबईत पुढाकार बॅरिस्टर आणि नाखुदांचा (जहाजवाल्यांचा) होता, देवबंदमध्ये आलिमांचा. दोन्हीकडे मुसलमानच होते. फरक त्यांच्या बाजारपेठेत होता.

सय्यद अहमदांवरचा रोष

अलीगढचं नाव काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये तिथे शाळा काढली, दोन वर्षांत तिचं कॉलेज झालं. त्यांच्यावर कुफ्रचे (इस्लाम नाकारल्याचे) फतवे निघाले, हे खरं. म्हणून 'मौलवी इंग्रजीविरुद्ध' हा समज पक्का झाला.

पण त्या मोहिमेचे दोन म्होरके पाहा. कानपूरचे इमदाद अली डेप्युटी कलेक्टर, गोरखपूरचे अली बख्श सबजज्ज. दोघेही इंग्रज सरकारचे पगारी अधिकारी, मदरशातले मुदर्रिस (शिक्षक) नव्हेत. अली बख्श यांनी तर मक्केहून फतवा आणला. आणि आक्षेप काय होता? सय्यद अहमद चमत्कार, फरिश्ते, जिन यांचा निसर्गनियमांप्रमाणे अर्थ लावतात, हा. गंगोहींचंही त्यांच्याशी पटत नव्हतं. १८८८ मध्ये ज्या फतव्यांत हिंदूंबरोबर ऐहिक कामांसाठी काँग्रेसमध्ये जाणं मान्य झालं, त्यांतच सय्यद अहमदांच्या संघटनेपासून दूर राहायला सांगितलं गेलं. गंगोहींची सहीही त्यात आहे. भांडण श्रद्धेचं होतं आणि राजनिष्ठेचं होतं.

नानोतवींनीही सय्यद अहमदांच्या मतांना पत्रातून सडेतोड उत्तर दिलं. तरी ते वारले तेव्हा सय्यद अहमदांनी आपल्या अलीगढच्या वृत्तपत्रात त्यांच्यावर मनापासून मृत्युलेख लिहिला. पुढे अलीगढ कॉलेजात धर्मशिक्षणाचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली ती अब्दुल्लाह अन्सारी यांची, म्हणजे नानोतवींच्याच जावयाची. मतभेद इतके टोकाचे आणि माणसं मात्र एकमेकांना ओळखून होती. मला हे फार मोठं वाटतं.

हिशेब कुठे चुकला

नानोतवींची वाटणी कागदावर उत्तम होती. प्रत्यक्षात ती चालली नाही. मदरशातून विशीत बाहेर पडलेला मुलगा सरकारी शाळेत एबीसी गिरवायला दहा वर्षांच्या मुलांशेजारी बसणार कसा? मदरशात जेवण, किताबा, निवारा फुकट होता. सरकारी शाळेत फी होती. मदरशाच्या सनदेला सरकार दरबारी काही किंमत नव्हती. घरी म्हातारे आईवडील वाट पाहत होते. मुलगा गावच्या मशिदीत इमाम झाला, दुसऱ्या मदरशात मुदर्रिस झाला, हकीम झाला. त्या तिसऱ्या वाक्यातली वाट क्वचितच कुणी चालला.

इथे माझी तक्रार देवबंदशी आहे, आणि ती आदर ठेवून आहे. वाट मोकळी आहे असं म्हणणं पुरेसं नसतं. गरिबाच्या मुलाला त्या वाटेवर चालवायला शिदोरी लागते. सहा वर्षांच्या अभ्यासात रोज एक तास इंग्रजीला दिला असता, तर हदीसची विद्या बुडाली नसती. शिक्षक बाहेरून, स्वतःच्या चंद्यातून नेमता आला असता, म्हणजे सरकारचा हातही लागला नसता. हा पर्याय होता, आणि १८७४ च्या भाषणात त्याला खोडून काढणारं काही नाही.

तसंच दुसऱ्या बाजूचीही जबाबदारी आहे. सरकारी शाळेत धर्माचा तास ठेवायला सरकार तयार नव्हतं आणि मिशनऱ्यांच्या शाळेत बायबलचा तास चुकवता येत नव्हता. ज्या समाजाला नऊ वर्षांपूर्वी तोफेच्या तोंडी दिलं, त्याने विश्वासाने मुलं पाठवावीत अशी अपेक्षा करायची, तर विश्वास बसेल असं काही करायलाही हवं होतं.

१९२०

आता तो डाळिंबाखालचा मुलगा. महमूद हसन देवबंदचे प्रमुख शिक्षक झाले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्धच्या कटाबद्दल ते हिजाझमध्ये पकडले गेले आणि माल्टाच्या छावणीत त्यांना डांबून ठेवलं गेलं. १९२० मध्ये सुटून आले तेव्हा असहकार सुरू झाला होता. गांधीजी आणि अली बंधू अलीगढला जाऊन आले होते. त्यांची मागणी होती की कॉलेजने सरकारी अनुदान सोडावं. विश्वस्तांनी नकार दिला आणि बरेच विद्यार्थी बाहेर पडले.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी त्या विद्यार्थ्यांसाठी अलीगढमध्येच जामिया मिलिया इस्लामिया सुरू झाली, आणि उद्घाटनाला बोलावलं ते देवबंदच्या या आजारी म्हाताऱ्याला. उभं राहून बोलण्याची ताकद नव्हती, भाषण शिष्य शब्बीर अहमद उस्मानी यांनी वाचलं. त्यात महमूद हसन म्हणतात की माझ्या वडीलधाऱ्यांनी कोणतीही परकी भाषा किंवा दुसऱ्या कौमांच्या विद्या शिकण्यावर कधीही कुफ्रचा फतवा दिलेला नाही. हां, एवढं जरूर सांगितलं गेलं की इंग्रजी शिक्षणाचा शेवट जर ख्रिस्ती रंगात रंगण्यात, आपल्याच धर्माची टवाळी करण्यात किंवा चालू सरकारची पूजा करण्यात होणार असेल, तर त्यापेक्षा मुसलमानाने अडाणी राहिलेलं बरं. त्याच भाषणात ते सांगतात की ज्या दुःखाने माझी हाडं झिजत आहेत, त्याचे सोबती मला मदरशांत आणि खानकाहांत (सूफी मठांत) कमी, शाळा-कॉलेजांत जास्त दिसले, म्हणून मी अलीगढकडे पाऊल टाकलं.

समोर बसलेली मुलं इंग्रजी शिकलेली होती. ती भाषा सोडून द्या असं त्यांना कुणी सांगत नव्हतं. सोडायचं होतं ते अनुदान.

त्यानंतर ते दिल्लीला डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी यांच्या घरी होते. अन्सारी एडिंबरोहून वैद्यक शिकून आलेले. देवबंदच्या पहिल्या विद्यार्थ्याने ३० नोव्हेंबर १९२० रोजी त्याच घरात शेवटचा श्वास घेतला. देह देवबंदला नेला आणि कासिम नानोतवींच्या कबरीशेजारी पुरला.